धावत्या मोटारीचा फोटो आणि तुझी गोफण

माय,

तुला वाचता येत नव्हतं. कागद हातात दिला की तू तो उलटा धरायचीस आणि वर म्हणायचीस, लिहिणाऱ्याचंच चुकलंय. तरी लिहिते आहे. तुझ्याशी मी कायम अहिराणीत बोलले, पण लेखणी हातात धरली की शाळेतली मराठीच उतरते, चार यत्तांत मास्तरांनी छडीने बसवलेली. तेवढं चालवून घे. तू जाऊन चौदा वर्षं झाली. मध्ये लढाई झाली, फिल्म मिळेनाशी झाली, आता पुन्हा मिळते. काल दुपारी आमच्या नंदुरबारच्या फोटोच्या दुकानात परगावचे एक गृहस्थ आले आणि भिंतीवरच्या शर्यतीच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. धावती मोटार इतकी स्वच्छ कशी आली, त्यांनी विचारलं. तुझ्या जावयांनी माझ्याकडे बोट केलं. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं त्यांनी मला विचारलं, तर मी म्हटलं, माझ्या आईनं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा कसली! म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगायला बसले आहे.

आपलं शेत तापीच्या काठाला. दादर ज्वारी दाण्यात आली की पाखरं उतरायची आणि तू दिवस उगवायच्या आत शेतातल्या माळ्यावर चढायचीस. मी आठेक वर्षांची असेन. तू माझ्या हातात गोफण दिलीस, पण दगड दिला नाहीस. अख्खा हंगाम रिकामी गोफण फिरवायला लावलीस. असा राग यायचा मला! शेजारच्या शेतातल्या मुली दगड भिरकावताहेत आणि मी बावळटासारखी नुसती दोरी फिरवतेय. पाखरू जिथे पोचणार तिकडे तोंड करून पाय रोवायचे, कंबर मागे वळवायची आणि पाखराबरोबर कमरेपासून सगळं अंग फिरवत आणायचं, हे तू शंभरदा करून घेतलंस. दुसऱ्या वर्षी दगड मिळाला. मी तो सोडला आणि कुठे गेला ते बघायला थबकले. तू पाठीत असा धपाटा घातलास की मी माळ्यावरून पडता पडता राहिले. म्हणालीस, "दगड सुटी गया तरी हात थांबाडू नको. पाखरूकडे देख, दगडकडे देखू नको." मी रडले. समजूत काढणं ही तुझी रीत नव्हती. दुपारी माझ्यापुढे कळण्याची भाकरी ठेवलीस, झालं.

लग्नात तू माझ्या पेटीच्या तळाशी, लुगड्यांच्या खाली, अंबाडीची नवी वळलेली गोफण घातलीस. सासरी पेटी उघडली तेव्हा बायका पोट धरून हसल्या. फोटो काढणाऱ्याच्या घरात गोफण! सासूबाईंनी विचारलं, नवऱ्यावर चालवायची आहे का? मी मान खाली घालून पेटी लावली आणि मनातल्या मनात तुझ्यावर चिडले. इथला धर्म तर अगदीच उलटा. एक खुर्ची, तिच्यामागे महाल रंगवलेला पडदा, आणि एकच मंत्र: हलू नका. डोळे मिटू नका, श्वास धरा, हलू नका. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा, जो हलला त्याची काच वाया गेली. हे, म्हणजे तुझे जावई, फोटो काढायचे, मी अंधाऱ्या खोलीत काचा धुवायची. पुढे बायकांचे फोटो मीच काढू लागले, कारण परक्या पुरुषासमोर त्या लाकडासारख्या व्हायच्या. अशी बरीच वर्षं मी सगळ्या गावाला हलू नका म्हणत होते.

तू आमच्याकडे एकदाच आलीस, दादर घरात आल्यावर. ह्यांनी हौसेनं तुला खुर्चीवर बसवलं. नवं लुगडं, हात मांडीवर, आणि चेहरा फौजदारापुढे बसल्यासारखा. ह्यांनी हलू नका म्हटलं आणि नेमकी त्याच क्षणी छपराखालून एक चिमणी आत शिरली. तुझी मान गेली तिच्या मागे, उजवा हातही उठला. जन्माची सवय, ती काय महालाच्या पडद्यापुढे जाणार? ह्यांनी काच काढून घेतली, सासूला काय बोलणार. पुढच्या खेपेला मी माहेरी आले तेव्हा तू चुलीपुढे बसली होतीस. तव्यावरची नजर न काढता विचारलंस, "मन्हा फोटो कसा उना व?" मी म्हटलं, "चांगला उना माय. भितवर लायेल शे." तू भाकरी उलटलीस आणि कितीतरी वेळ स्वतःशीच हसत होतीस. त्याच पावसाळ्याच्या शेवटी तू तापानं गेलीस.

त्यानंतरच्या सारंगखेड्याच्या जत्रेत आम्ही फोटोचा तंबू लावला होता. तिथे एका कापसाच्या जिनवाल्या शेठची उघडी मोटार आणि तापीकाठच्या एका पाटलाची पांढरी घोडी यांची शर्यत लागली. ह्यांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर मोठा कॅमेरा लावून फोटो काढला. बाभळी काट्याकाट्यासकट आल्या, आणि मोटार व घोडी यांच्या जागी नुसता धूसर फराटा. पाटील म्हणाले, बाभळी छान आल्या. झालं, जत्राभर ह्यांचं नाव बाभळीवाले पडलं, ते गावापर्यंत आलं. ह्यांना जेवण जाईना. मी एकदा भाजी वाढता वाढता म्हटलं, मोटार पुढे गेली आणि कॅमेरा जागेवरच राहिला, तो मोटारीबरोबर फिरवला असता तर? ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यात चपला घालून शिरले. पण दोन दिवसांनी त्यांनी कपाटातून घडीचा हातातला कॅमेरा काढला, पट्टा तुटलेला, आणि फिल्मचा आठ फोटोंचा एक रोल दिला. सासूबाईंनी तिथेच अट घातली. पुढच्या जत्रेत फोटो आला तर ठीक, नाही आला तर हिने पुन्हा कॅमेरा हातात धरायचा नाही, बायकांच्या फोटोसाठीसुद्धा नाही, चूल आणि अंधारी खोली बास. ह्यांनीही मान डोलावली. आणि मला तो कॅमेरा हवा होता, माय. भूक लागावी तसा हवा होता.

रोल एकच, म्हणून रिकाम्या कॅमेऱ्यानेच सुरुवात केली. सकाळचं काम उरकून दारासमोरच्या रस्त्याच्या कडेला उभी राहायची. टांगा येतोय, मी कॅमेरा उचलते, आणि टांगेवाला करतो काय, लगाम खेचतो, टोपी नीट करतो आणि छाती काढून थांबतो. सायकलवाला उतरून सायकल धरून उभा. शहाद्याकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर तर मोटार थांबवून उतारूंना सांगायचा, हलू नका रे, बाई फोटो काढताहेत. मी ओरडून सांगायची की बाबा जा, जोरात जा, तर तो म्हणायचा, नाही बाई, घ्या सावकाश. दोष कुणाला देऊ? हे मीच शिकवलेलं होतं त्यांना! शेवटी लिंबाच्या खोडाआडून सराव करू लागले. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, "फोटोवालीना अंगमा येस." म्हणोत. महिना-दीड महिना मी रोज रिकामा कॅमेरा फिरवला आणि मग रोल भरला. आठही फोटो बिघडले. फिल्म वाळत घातली होती त्या दोरीकडे सासूबाईंनी एकदा बघितलं आणि माझ्या हातात झाडू दिला.

झाडता झाडता लक्षात आलं, आणि अंगण अर्धं टाकून मी पायरीवर बसले. मी कॅमेरा नीट फिरवत आणत होते, पण टक् वाजायच्या क्षणी थांबत होते. श्वाससुद्धा धरत होते. दुकानाची सवय! आठही फोटोंत मी हलू नका हे स्वतःलाच म्हटलं होतं. पाठीत अगदी त्याच जागी तुझा धपाटा आठवला. उठले, पेटीच्या तळातून गोफण काढली आणि परसात जाऊन ती फिरवायला लागले, आधी दगडाशिवाय. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग तीच गोफण कॅमेऱ्याच्या तुटक्या पट्ट्याच्या जागी बांधली. मानेवर ताणून धरली की कॅमेरा डगमगत नाही. फिल्म नव्हती, तेव्हा एकच खूण ठेवली, टक् झाल्यावरही सर्व्हिस मोटारीचा दिवा कॅमेऱ्यातून बघायच्या चौकटीतच राहिला पाहिजे. पहिल्या दिवशी दिवा पळाला. जत्रा जवळ आली तोपर्यंत तो चौकटीत गोंदल्यासारखा बसायला लागला होता. ड्रायव्हर आता थांबत नव्हता, नुसता भोंगा वाजवून जायचा.

जत्रेसाठी ह्यांनी दुसरा रोल आणून दिला. पुन्हा त्याच मोटारीची आणि घोडीची शर्यत ठरली तेव्हा सगळे शेवटच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. मी नाही गेले. मला आदल्या वर्षीचं आठवत होतं, निघताना घोडी पुढे असते, शेवटी मोटार. दोघं जोडीनं जातील अशी जागा मधेच कुठेतरी, आणि ती मी पावलांनी मोजून धरली होती. धूळ अंगावर येऊ नये म्हणून वारा पाठीशी घेतला, तेही तुझंच. आता मी उभी आहे, पदर कमरेला घट्ट खोचलाय, गोफण मानेत रुतलीय, पाय समोरच्या बाभळीकडे आणि कंबर मागे वळलेली. हे माझ्यामागे दहा हातांवर उभे आहेत, त्यांच्या खोकण्यावरून कळतंय की घाबरलेत. दोघं एकदाच जाणार आहेत. मोटारीचा आवाज वाढतो, घोडी चौखूर येते, मी तिचा कान चौकटीत धरते आणि वळत राहते, वळत राहते, टक्, आणि थांबत नाही. इतकी वळले की शेवटी माझं तोंड पार उलट्या दिशेला झालं आणि मोटार पुढे निघून गेल्यावर मला भान आलं. कोण जिंकलं ते मी पाहिलंच नाही. मला ते अजूनही लोक सांगतात.

तंबूच्या काळ्या कापडाच्या कोपऱ्यात, लाल कंदिलाच्या उजेडात, आम्ही दोघांनी मिळून फिल्म धुतली. थाळी ह्यांनी धरली. ठसा उमटला तेव्हा हे थाळीवर वाकले. मग म्हणाले, "बाभळी कुठे गेल्या?" बाभळी गेल्या होत्या, माय! सगळ्यांच्या ओढल्या गेलेल्या रेघा झाल्या होत्या आणि त्या रेघांवर घोडीचा कान, डोळा, आयाळ, मोटारीचा दिवा आणि शेठच्या टोपीची कडसुद्धा अशी स्वच्छ, की बोट लावावं. मी म्हटलं, "बाभळींचा फोटो तुमच्याकडे आहे की." हे आधी चमकले आणि मग असे हसले की बाहेरची माणसं डोकावली. पाटलांनी छापलेला फोटो दोन्ही हातांत धरला, चेहरा पडला, म्हणाले, "घोडीना पाय कोठे गयात?" पाय खरंच पुसट होते. मग पळती घोडी आठवून त्यांनीच मान हलवली. "पयताना पाय कोनले दिसतस?" आणि फोटो घेऊन ते जत्राभर फिरले, भेटेल त्याला थांबवून दाखवत. मी तंबूच्या दारात उभी राहून बघत होते. मला नाचावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर सासूबाईंनी कॅमेरा स्वतः पुसून माझ्या हातात दिला आणि गोफणीची गाठ सैल झालीय, तेवढी बघ म्हणाल्या. कॅमेरा तेव्हापासून माझा आहे. ह्यांना आज कुणी बाभळीवाले म्हणत नाही.

आता एक राहिलं. त्यासाठीच खरं तर बसले होते, आणि मघापासून टाळते आहे. तुझा फोटो चांगला आला नव्हता, माय. चेहरा नव्हताच, नुसता फराटा होता, आणि हात तर पुसूनच गेला होता. हे म्हणाले, काच वाया गेली, धुऊन टाक, एखाद्या चौकटीला होईल. मीच धुतली, स्वयंपाकघरात, चुलीवरच्या गरम पाण्यात, राख लावून. घासताना तिचा एक कोपरा उडाला. भिंतीवर काहीच लावलं नव्हतं. तू चुलीपुढे इतकी आशेनं विचारलंस की माझ्या तोंडून ते निघून गेलं. तुझा दुसरा फोटो नाही. आज तू त्या खुर्चीवर बसलीस, तर मी तुला हलू नको म्हणणार नाही. तू खुशाल चिमणी हाकल, मी तुझ्याबरोबर वळेन.

शर्यतीचा फोटो चौकटीत बसवायचा ठरला तेव्हा ह्यांनी नवी काच काढली होती. मी ती परत ठेवली आणि काचांच्या चळतीतून कोपरा उडालेली, तुझी, शोधून काढली. तो कोपरा चौकटीखाली झाकला जातो, कुणाला दिसत नाही. हा कागदही घडी करून तिच्याच मागे सरकवून ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार? भितवर लायेल शे, असं मी तुला म्हटलं होतं. उशिरा का होईना, लावलं.