घोट्यापासून चार बोटं

सोमवार, ४ मार्च
आज कामावर रुजू झाले. दवाखान्यातल्या कलकलाटातून सुटका, घरात एकच पेशंट, म्हणजे माझी चंगळच! खोली मागच्या बाजूला, टेबलाला दोन खण, नळाला चक्क गरम पाणी. पेशंटनी जन्मभर सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढले, म्हणून सगळे त्यांना नकाशेकाका म्हणतात. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. काका दिलखुलास, पहिल्याच तासात मला पोरी म्हणायला लागले. आक्का मात्र तोंडात गुळणी धरून बसलेल्या. मला अहो सिस्टर म्हणतात, तेही गरज पडली तरच.

काकांच्या डाव्या पायाला घोट्याच्या वर जखम आहे, अकरा वर्षं जुनी. माझ्याआधी पाच जणी हात टेकून गेल्या. मी ती बरी करून दाखवणार. दवाखान्यात मला उगाच चिकटाबाई म्हणत नव्हते.

बुधवार, ६
डॉक्टर येऊन गेले. अशा जखमेत जंतू सुटे राहत नाहीत. वस्ती करतात आणि अंगावर चिकट थर ओढून घेतात, मग औषध नुसतं वरून वाहून जातं. त्या थराला आम्ही साय म्हणतो. साय खरवडून काढायची आणि ती पुन्हा धरायच्या आत औषधाची पट्टी बसवायची. एक दिवस चुकला तर सगळी मेहनत पाण्यात. डॉक्टरांनी खरवडलं, मी पट्टी बांधली. त्याआधी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडा गिरवली. लांबी, रुंदी, खोली वहीत लिहिली. आक्का दारातून बघत होत्या. साय हा शब्द ऐकून म्हणाल्या की आता चहा घशाखाली उतरायचा नाही. मी हसले. त्या गंमत करत नव्हत्या.

शनिवार, ९
साय परत आली. जाड, पिवळट, चकचकीत. इतक्या लवकर यायला नको. आणि मी चिकटपट्टीची टोकं सरळ कापते, आज एक टोक आत दुमडलेलं होतं, सोडायला सोपं जावं म्हणून दुमडतात तसं. माझ्या माघारी कुणीतरी पट्टी सोडून परत बांधतंय. काकांना तर वाकता येत नाही. मग उरलं कोण?

सोमवार, ११
परवा पेनाने एक बारीक रेघ मारून ठेवली होती, अर्धी पट्टीवर, अर्धी कातडीवर. आज ती जुळली नाही. न्हाणीघरातल्या बादलीला औषधाचा वास. आक्कांना स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या की जिथे आहे तिथे सुखाने राहू द्या तिला. तिला, म्हणे! जखमेला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं भाऊ अंथरुणाला, घरावर राज्य ह्यांचं. तो उठून चालायला लागला तर ह्यांना विचारतंय कोण?

बुधवार, १३
डॉक्टरांच्या कानावर सगळं घातलं. त्यांनी आक्कांच्या मुलाला फोन केला आणि तो दुपारी येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. जाताना त्या काकांच्या पायावर हात ठेवून बसल्या, उठेचनात. शेवटी मुलाने दंड धरून उठवलं. मला वाईट वाटलं, पण माझा पेशंट बरा व्हायला हवा. डॉक्टरांनी पुन्हा खरवडलं, मी बांधलं. आता बघतेच.

शनिवार, १६
साय नाही! जखमेच्या खालच्या कडेला कोवळी गुलाबी कातडी. लांबी-रुंदी तीच, पण होईल हळूहळू. काका खुशीत आहेत. आज माझे गिरवलेले कागद मागून घेतले आणि खो-खो हसले. म्हणाले, पोरी, हा कसला नकाशा? ना उत्तर दिशा, ना एखादी खूण. ही जखम पायावर आहे की नाकावर, बघणाऱ्याला कसं कळायचं?

रविवार, १७
काकांचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून आज घोट्याचं हाड खूण धरून मोजलं. जखम सात बोटं वर आहे. मी आले तेव्हा ती चार बोटांवर होती. मला पक्कं आठवतंय, पट्टीचा पहिला वेढा मी तिथूनच घेतला होता.

जुन्या वह्या काढल्या. पाच जणी, अकरा वर्षं. लांबी, रुंदी, खोली. जखम कुठे आहे, हे एकीनेही लिहिलेलं नाही. मीही नाही. आम्हाला तसं कुणी शिकवलंच नाही. जखम काय पळून जाते?

मंगळवार, १९
गुडघा. खालून भरते, वरून उकलते. मागे डागसुद्धा ठेवत नाही.

वहीतल्या तारखा आठवणीशी ताडून बघितल्या. साय होती, त्या सगळ्या दिवसांत मी पट्टी चार बोटांवरच बांधली होती. साय निघाली आणि जखम चालायला लागली. आक्का औषध धुऊन टाकत होत्या, ते साय टिकावी म्हणून. ती जागच्या जागी राहावी म्हणून. आणि मी त्यांनाच घराबाहेर काढलं. काय केलं मी हे!

बुधवार, २०
डॉक्टरांना सांगितलं, खरवडू नका. म्हणाले, जखम पहिल्यापासून इथेच असणार, तुम्ही दोन दिवस रजा घ्या. खरवडलंच.

गुरुवार, २१
सकाळी मांडी. दुपारी कंबर. औषध सगळं धुऊन काढलं — साय धरतच नाही. तेवढा वेळच देत नाही ती. काका म्हणतात दुखत नाही. हसत नाहीत आता.

आक्कांना फोन केला, माफी मागितली. त्यांनी एवढंच विचारलं, कुठवर आली. सांगितलं. उद्या पोचतात. काकांना काही झालं तर ते माझ्यामुळे —

शुक्रवार, २२, सकाळ
बरगड्या. कागदावर रेघ ओढून बघितली. गळ्याकडे जातेय. गळाच —

नाही. काखेतून वळली. हाताकडे. हाताकडे कशाला?

दहा वाजता
पलंगाच्या कडेवर बसताना काकांचा तोल गेला. मी धावले, सावरलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात टाकून घट्ट धरलं, सोडेचनात. तळहात गरम लागला.

दुपार
काकांच्या अंगावर जखम नाही. कुठेच नाही. दोनदा बघितलं, तळव्यांपासून डोक्यापर्यंत. डॉक्टरांनी फोनवर अभिनंदन केलं. काका भिंतीकडे तोंड करून रडताहेत. मला वाटलं आनंदाने — माझ्याकडे बघत का नाहीत?

आक्का आल्या. भावाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मला म्हणाल्या, पाठ दाखव. दाखवा नाही. दाखव.

पाठमोरी बसलेय. वही मांडीवर आहे. विचारताहेत दुखतंय का. नाही. अजिबात नाही. बाळ, हलू नकोस, म्हणाल्या. आक्का — मला — बाळ.

सवयीने विचारलं, लांबी किती, रुंदी किती. म्हणाल्या मोजता येत नाही, मोजायला ती थांबतच