जुन्या तारांचा आवाज

दादा,

तू पत्ता न ठेवता घर सोडलंस, त्यामुळे हे पत्र तुझ्या बेस गिटारच्या पेटीतच पडून राहणार.

तुझ्या तारा मी काढल्या होत्या. चिडू नकोस, परत चढवल्यात. मी ज्यांच्यात वाजवत होतो त्या ऑर्केस्ट्रावाल्यांना खणखणीत आवाज हवा होता, म्हणून खरखरीत गुंडाळीच्या नव्या तारा आणल्या. स्टीलच्या ताटासारख्या वाजतात, पण बोट सरकलं की किंचाळतात आणि बोटांची सालटी काढतात. मग नायलॉनचं वेष्टण असलेल्या लावून बघितल्या. त्या मऊ आहेत, पण हवा गेलेल्या सायकलवर बसल्यासारखं वाटतं. तुझ्या त्या गुळगुळीत, कधीच न बदललेल्या तारा नुसत्या धप् करतात, उशीवर बुक्की मारावी तशा.

पण भिंतीपलीकडून आईला तेवढाच आवाज ओळखू येतो. हल्ली तिला माणसं ओळखू येत नाहीत. नव्या तारा ऐकल्या की "हा कोण मेला?" म्हणते आणि ताट ढकलते. तुझ्या ऐकल्या की "थोरला आला, वाढा आता," म्हणून मुकाट्यानं जेवते.

मग काय, ऑर्केस्ट्रा सोडला. रोज तिच्या जेवणाच्या वेळी मी तू होऊन वाजवतो. कंटाळलोय रे.

काल ती भिंत धरत धरत आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "धाकट्यालाही शिकव की जरा. बिचारा दाराआडून ऐकत असतो."

मी म्हणालो, "शिकवतो."

तुझा,
धाकटा