परत मागितलेले आडनाव

मी खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा धातूवर नावे कोरण्याचा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. काळजी करण्याची सवय आहे, पण ती लहानपणापासूनची. ते वेडाचे लक्षण धरू नये. सातवीपर्यंतच शिकलो, त्यामुळे कुठे कायद्याची भाषा चुकली असेल तर अर्थ धरावा.

याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर मुलीला दिले होते आणि तिचे नाव सासरच्या आडनावासकट लिहिले होते. वकिलांच्या कारकुनाने ते वाचून चष्मा काढला. म्हणाला, "काका, या नावाची बाईच नाही. कुठल्याच कागदावर नाही. हे घर तुम्ही देताय कुणाला?" म्हणून या खेपेला खरी नावे कारकुनानेच वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत. मी फक्त नात्याने लिहितो.

एक. घर, म्हणजे पुढचे दुकान आणि मागच्या दोन खोल्या, मुलीला. अट काही नाही. विकले तरी चालेल. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे, ती घेणाऱ्याला आधी सांगावी. मागच्या दाराची कडी उचलून लावावी लागते, नाहीतर लागल्यासारखी दिसते आणि लागत नाही.

दोन. बँकेत जे आहे त्यातून मला स्मशानात पोहोचवण्याचा खर्च करावा, उरेल ते मुलाला. मुलाने लग्नात माझे आडनाव सोडले. त्याने आणि सुनेने मिळून एक नवीनच केले, दोघांच्याही घरात कधी नव्हते असे. मी म्हटले, "अरे, घराचं नाव बुडेल." तो म्हणाला, "बाबा, आडनाव म्हणजे काय शेपूट आहे, जन्माला आलो म्हणून हलवत बसायला?" सून हसली. मीही हसलो. मुलगा होता ना. हे मुलीच्या लग्नाच्या दोन वर्षे आधीचे. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचे कलम वाचताना लागेल.

तीन. भांडी. एकूण एक्केचाळीस, माळ्यावर, दोन खोक्यांत. मुलीचे लग्न ठरल्यावर दुकानाची कामे मागे सारून चार महिने मी त्यांवर तिचे नाव कोरले, पुढे जावयाचे आडनाव. तिला विचारले नाही. विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. आजवर कितीतरी मुलींची भांडी कोरली. नाव बापाने सांगायचे, मी कोरायचे. लग्नाच्या दिवशी सगळी पाहुण्यांसमोर टेबलावर मांडली. तिने एक वाटी उचलली, वाचली आणि हळूच म्हणाली, "ही बाई कोण, बाबा?"

"कोण म्हणजे? तूच."

"मी तुमचंच आडनाव ठेवतेय. आमचं केव्हाच ठरलंय. त्यात राग कसला?"

राग नव्हता. नवऱ्याचे नाव लावत नाही म्हणजे नांदत नाही, असे लोक म्हणतील, ही भीती होती. पण तोंडातून ती रागासारखी बाहेर पडली. चारचौघांत बोललो, "मग माझं आडनाव परत कर आणि जा. ते तुला दिलंय कुणी?"

तिने वाटी होती तिथे ठेवली. नऊ वर्षे झाली, ती आलेली नाही.

ती नावे घासून काढायला बसलो होतो. कोरलेले अक्षर वरवरचे नसते. ते घालवायला आजूबाजूचा पत्राही तितकाच खाली न्यावा लागतो. तीन वाट्यांना भोके पडली, तेव्हा सोडून दिले. सगळी मोडीत घालावीत. कुणालाही वापरायला देऊ नयेत.

चार. बायको माझ्या आधी गेली, म्हणून तिच्यासाठी लिहायचे काही नाही. एवढेच की शेवटच्या आजारात नर्सने नाव विचारले तेव्हा तिने माहेरचे आडनाव सांगितले. नर्स माझ्याकडे बघू लागली. मी म्हटले, "तापात बरळतेय." ताप नव्हता.

पाच. हत्यारे शेजारच्या चष्मेवाल्याला द्यायची होती. पण तो या कागदाचा साक्षीदार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे कारकून म्हणतो. म्हणून आजच त्याच्या हातात दिली. छिन्न्या नको म्हणाला, भिंग घेतले. छिन्न्या कुणीही न्याव्यात. न्यायला कुणी येईलसे वाटत नाही.

सहा. मुलीचे कागद शोधताना कारकुनाला कळले की ती जनावरांची डॉक्टर आहे, दवाखान्याच्या पाटीवर माझेच आडनाव आहे, आणि तिने तिच्या मुलीलाही तेच लावले आहे. मला नात आहे, हे मला असे कळले. ते आडनाव तिला मीच दिले होते, असे या कागदाने कबूल करतो. त्यावर आता माझा कसलाही दावा नाही. एवढे वाक्य लिहायला नऊ वर्षे लागली, आणि आता त्याचा कोणाला उपयोग नाही.

सात. मी गेल्याचे मुलीला सगळे आटोपल्यावर आठ दिवसांनी कळवावे. आधी नाही. आधी कळले तर यावे की नाही हे तिला ठरवावे लागेल, आणि नाही आली तर लोक तिलाच बोल लावतील. ती येईल अशी मला आशा नाही. ती आली नाही, हे कुणी पाहू नये असे मलाही वाटते.

हे कलम वाचून चष्मेवाल्याने पेन खाली ठेवले.

"काका, हे काढा. जिवंत आहात तोवर एक फोन करा की तिला."

"आणि उचलला तर? काय बोलू?"

"तुम्ही नका बोलू. ती बोलेल. मुक्या जनावरांशी बोलायची सवय आहे तिला."

कारकून हसला. मी फोन केला नाही. कलम तसेच ठेवले आहे.

स्थळ: दुकानातले माझे कामाचे टेबल.
दिनांक: चालू महिन्याची सतरा, मंगळवार, दुपार.
सही केली. ती माझीच आहे.

साक्षीदार पहिला: वकिलांचा कारकून. सही.

साक्षीदार दुसरा: शेजारचा चष्मेवाला. सही. काका शुद्धीत आहेत. कलम सात मी पाळणार नाही, त्याच दिवशी कळवणार, हे त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

वरच्या ओळी साक्षीदाराने माझ्या देखत लिहिल्या. मी त्या वाचल्या. खोडायला लावल्या नाहीत. त्याखाली माझी पुन्हा सही.