झाडलेली वाळू

१४ सप्टेंबर
वाळूत खणलेली माझी विहीर आटली. आता कोरड्या नदीत पाणी उरलं एकाच विहिरीला – थोरलीच्या! नवरा जाऊन सहा वर्षं झाली, सवतपण काही जात नाही.

संध्याकाळी तिने विहिरीभोवती काटेरी फांद्या ओढल्या. मी म्हटलं, "एक बाजू उघडी ठेव. अंधार पडला की झेब्रे येतात पाण्याला."

"धाकटे, कचेरीने झेब्रे मोजायला खाकी सदरा दिला म्हणून तू गाढवांची आई झालीस होय? मग माझ्या शेळ्यांनी काय थुंकी गिळायची?"

बाकीच्या बायका खी खी हसल्या. हसा! काटे ज्याचे त्याचे. दुसऱ्याच्या विहिरीचा काटा हलवला की शाप लागतो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून गप्प बसले. नाहीतर मी गप्प बसणारी नव्हे.

१५ सप्टेंबर
मोजले. सात. गेल्या वर्षी एवढ्याच टापूत एकतीस होते.

कचेरीतली नसेरियान म्हणते, "मावशी, या जातीचे सगळ्या जगात मिळून तीन हजारही उरले नाहीत." जग केवढं ते मी पाहिलेलं नाही. पण सात म्हणजे किती, ते कळतं. ही वही तिनेच दिली. पुढच्या पानांवर झेब्रे, मागच्या पानांवर मी.

१८ सप्टेंबर
तुटक्या कानाची दिसली. पोट हे एवढं! तेरा महिने वाहतात या. आम्ही नऊ महिन्यांतच जगाला शिव्या देतो.

हिच्या उजव्या ढुंगणावर पट्टे भाल्याच्या टोकासारखे मिळतात. असे दुसऱ्या कुणाचेच नाहीत. आधी मला सगळे सारखेच दिसायचे. आता लांबून पाठमोरी पाहिली तरी नाव घेऊन हाक मारीन.

२१ सप्टेंबर
आज जे पाहिलं ते कसं लिहू? अक्षरं पुरत नाहीत माझ्याकडे.

सकाळी टेकडीखाली बाभळीपाशी तुटक्या कानाची आडवी झाली. मी खडकामागे पोटावर पडून राहिले. मुंग्या चावल्या, चावू दिल्या. बाहेर आलं ते ओलं गाठोडं – आणि गाठोड्याला कान! एवढ्याशा डोक्याला एवढाले गोल कान! पट्टे काळे नाहीत, तांबूस. पाण्यात कालवलेल्या गेरूसारखे. आयाळ मानेवरून निघाली ती थेट शेपटीपर्यंत. चार पाय चार दिशांना गेले. पडलं. उठलं. पुन्हा पडलं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात ते उभं होतं! माझी पोरं वर्षभर रांगली.

मग आईने काय केलं – त्याच्याभोवती फिरत राहिली. आपलं अंग त्याच्या डोळ्यांसमोर धरून. वाच, वाच मला, असं म्हणत असावी. मी चाळिसाव्या वर्षी अक्षर शिकले. ते पहिल्याच तासाला.

मी लांबूनच थुंकले त्याच्या दिशेने. माणसाच्या तान्ह्याला देतो तोच आशीर्वाद. दुसरा मला येत नाही.

न्काई देवीने हे पट्टे ओढले तेव्हा तिचा हात जराही हलला नसेल.

२२ सप्टेंबर
थोरलीला सांगितलं. "बरं," म्हणाली. शेण उचलायला गेली. दगड!

२४ सप्टेंबर
या बाईचं नवीन खूळ. रोज सकाळी विहिरीभोवतीची वाळू फांदीने झाडते. अंगण आहे का ते? मी फेरी संपवून पोचते तोवर सगळं लख्ख. ठसे पुसले तर मी मोजू काय? "वाळू माझी, फांदी माझी," म्हणाली.

आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मागून घरी येते. राखण करत बसत असेल, कुणी वाटीभर पाणी चोरेल म्हणून.

२६ सप्टेंबर
तुटक्या कानाची पाजतेय. पाजणारीला रोज पाणी लागतं. वरचा झरा दिवसभराच्या वाटेवर, आणि तिथे सिंह. बरगड्या दिसतात, पण दूध आहे! कशावर जगतेय ही? किती दिवस जगेल?

२७ सप्टेंबर
केलं. जे करायचं नाही ते केलं.

थोरली घरी आल्यावर गेले. अंधारून आलं होतं. डोंगराकडच्या, पाण्यापर्यंत उतरण आहे त्या बाजूच्या दोन फांद्या ओढून बाजूला टाकल्या आणि मागे न बघता पळत सुटले. पिल्लू प्यायलं पाहिजे.

२८ सप्टेंबर
थोरलीची चंद्री मेली.

कपाळावर पांढरा ठिपका असलेली, तिच्या हातून मक्याचं पीठ खाणारी शेळी. सकाळी कळपाच्या पुढे धावली, उघड्या बाजूने आत शिरली आणि उतरणीवरून घसरून विहिरीत पडली. मान मोडली. थोरली स्वतः खाली उतरली. खांद्यावर घेऊन वर आली. रडली नाही.

बायका ओरडू लागल्या, "काटे कुणी हलवले? नाव घे तिचं! शाप दे!"

थोरली म्हणाली, "वारा असेल."

पान हलत नव्हतं काल. म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

२९ सप्टेंबर
जेवण गेलं नाही. उद्या उजाडताच विहिरीवर जाऊन सांगते तिला. बायका यायच्या आधी.

३० सप्टेंबर
तिच्याही आधी पोचले. काटे जागच्या जागी. पण काट्यांबाहेर, पात्राच्या मधल्या अंगाला, तिची शेळ्यांना पाणी पाजायची लाकडी डोण – आतून ओली. भोवती ठसे. मोठा खूर. त्याला चिकटून छोटा, माझ्या मुठीएवढा. आणि विहिरीपासून डोणीपर्यंत, वर-खाली, वर-खाली, थोरलीच्या टायरच्या चपला.

ती फांदी घेऊन आली. मी विचारलं, "कधीपासून?"

"तुझी आटली त्या दिवसापासून. बायकांनी पाहिलं तर, गाढवांना पाणी आहे मग आमच्यांना का नाही म्हणत सगळ्यांचे उंट आणून उभे करतील इथे." फांदी माझ्या हातात दिली. "बघत काय बसलीस? झाड."

मोजले. मग झाडले. चंद्रीचं तोंडातून निघालं नाही. तिने विचारलं नाही.