लाल तागा

धुळे, १९७१

चि. जतन,

दुकानात कापड फाडताना माझा हात फक्त लाल रंगावर अडायचा. मनाच्या डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्यांदा लाल कुणासाठी फाडलंत?" बोलता बोलता तुझ्या लग्नाची चुनरी आठवली. तू दुकानातल्या गादीवर चिंचा चोखत, पाय हलवत बसली होतीस. "भाऊ, नको ना फाडू," म्हणालीस. मी हसलो आणि टर्रकन फाडलं. डॉक्टरांना सांगितलं, पोर गंमत करत होती. तुला शाळा सोडायची नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता तुझ्या लेकीच्या लग्नाच्या चुनरीसाठी लाल कापड मागवलंस. तीही 'नको' म्हणते का, एवढंच विचारायचं होतं. पण हे पत्र धाडवत नाही. हात बरा झालाय. तागा मात्र अजून अख्खाच आहे.

तुझा भाऊ,
सोहनलाल