खंडेनवमीची सायकल

तेर,
२७ ऑक्टोबर २०२४

चि. बिभीषण यास,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे. या खेपेला हे सवयीनं लिहीत नाही, तुझी खात्री पटावी म्हणून लिहितेय.

बुधवारी तू लोहाऱ्याहून रडत दारात आलास. "अक्का, तू हाईस व्हय?" म्हणालास. मी म्हटलं, "नसायला काय झालंय मला?" मग तू जे बोललास ते बोललास. मी चहा घेऊन बाहेर येते तो तू जीपमध्ये बसलेला. ही काय रीत झाली?

सगळा दोष त्या निकिताचा. शेजारच्या धुरपदाबाईंची नात, धाराशिवला चित्रकला शिकते. खंडेनवमीला मी दरवर्षीसारखी सायकल धुतली, हळदीकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला, कॅरिअरवर शेवंती ठेवली. याच सायकलवर लशींचा डबा बांधून मी बत्तीस वर्षं गावोगाव फिरले. तिची पूजा नको? पोरीनं फोटो काढला, प्रदर्शनात लावला आणि नाव दिलं 'ती गेली'! चेनकव्हरवर माझं नाव रंगवलेलं ठळक दिसतंय. वर परीक्षकांचा अर्थ: हार म्हणजे मृत्यू, गंजलेलं चाक म्हणजे थांबलेला काळ. गंजलेलं! मी दर महिन्याला तेल घालते. तेच पेपरात छापून आलं आणि तू वाचलंस.

पोरीला झापलं तर म्हणते, "आज्जी, आर्टमध्ये अर्थ शोधायचा असतो." म्हटलं, आधी हवा भरायला शीक.

एवढी शिकलेली माणसं, पण एकालाही कळलं नाही. तुझी दैवशाला आज असती, तर तिनं एका नजरेत ओळखलं असतं. म्हणाली असती, "अवो, खंडेनवमीची सायकल हाय की ही!"

तिला मी अडाणी म्हणाले होते. तुमच्या लेकीच्या, शिवांजलीच्या लग्नात, रुखवताची पाटी तिनं उलटी लावली म्हणून, सगळ्या पाहुण्यांदेखत. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात नन्सनी मला काटा-चमचा धरायला शिकवलं, जीभ आवरायला नाही. ती पाटी सरळ करून आत गेली.

तू दारात विचारलंस, "तुजी माती म्हणून म्या धावत आलो. दैवशालाच्या मातीला तू का न्हाय आलीस?"

तेव्हा फोनवर मी ड्यूटी असल्याचं सांगितलं होतं. सात वर्षं तेच सांगत आले. बिभीषण, ड्यूटी नव्हती. मी साडी नेसून स्टँडवर बसले होते. लोहाऱ्याची एसटी आली, माणसं चढली, गेली. जिवंतपणी जिची माफी मागितली नाही, तिच्या पायाशी कुठल्या तोंडानं उभी राहणार होते?

येत्या रविवारी भाऊबीज आहे. मी येतेय. ओवाळून घ्यायचं की नाही ते तू ठरव. आधी मला दैवशालाच्या फोटोसमोर बसू दे. तिला जे सांगायचंय ते तुझ्यादेखत सांगेन. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसेन, पण परत फिरणार नाही.

तुम्हां दोघांची अपराधी,
अक्का