कटिंग

टेमघर, भिवंडी
९ ऑक्टोबर २०२५

ती. काशीआत्यास,
धम्मदिनाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि मला ओरडून माझा पगार अख्ख्या टेमघरला सांगायचा नाही, म्हणून हा कागद महादूच्या रिक्षातून पाठवतेय. तो वाटेत वाचतो असा तुझा संशय आहे ना, तर वाचू दे.

आईचं तसंच आहे. उजवा हात उचलत नाही, जीभ जड आहे, पण माझ्यावर डोळे वटारायची ताकद शिल्लक आहे. शेजारची सुकन्या तरी रोज दुपारी किती बघणार, म्हणून मी गोदामात हाफ डे मागून घेतला, हे तुला ठाऊकच आहे. आता एकला सुटते. घरी येऊन आईला भरवते, कूस बदलते, पाठ पुसते. पाठीला जखम होऊ द्यायची नाही असं डॉक्टरने बजावलंय.

काल अर्ध्या पगाराची पहिली स्लिप मिळाली. सव्वीस हजारांचे चौदा होणार हे धरूनच चालले होते. पण हातात पडले साडेबारा. पीएफ कापला, तो समजला. प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे मात्र पूर्ण पगाराला कापायचे तेवढेच्या तेवढे कापलेत. आणि वर एक नवीनच कटिंग, सरकारी विम्याचे एकशे पाच. पगार मोठा होता तेव्हा हा विमा कुठे होता? पगार निम्मा झाला आणि कापायच्या गोष्टी वाढल्या, असं कुठे असतं का गं! धामणकर नाक्यावर उभी राहून मी मोबाइलवर बेरजा करत होते, तर मागून ट्रकवाला ओरडला की मरायचंय का. 

आईचे डायपर, मालिशवाली बाई, गोळ्या. कुठे काय बसवू ते कळत नाही. काय करू, सांग. बाकी ठीक. तुझी माया आहे, ती तशीच राहू दे.

तुझी,
धम्मदिना

दिघाशी
१३ ऑक्टोबर

चि. धम्मदिना हिस, अ. उ. आ. जयभीम.

तुझा कागद वाचला नि डोकं फिरलं माझं. रातचं जेवान गेलं न्हाय.

पोरी, तुझा बाप, माझा सोमा, सुताला खळ लावायच्या साइझिंग कारखान्यात उभा जन्म राबला. दर पगाराला त्याचं कापायचे नि सांगायचे, तुझ्याच नावावर जमतंय रे बाबा. तो गेला तवा तुझी आई शेवंता नि मी शेटच्या दारात गेलो. तू शाळंत होतीस. शेट म्हणाला, या नावाचा माणूसच आमच्याकडं कागदावर न्हाय. शेवंता तिथंच पायरीवर बसली. मी तिला उठवून आणली. तवापासून कटिंग म्हटलं का माझ्या अंगाचा तिळपापड व्हतो.

गप बसू नको. एवढी शिकलीस कशापायी? जा नि विचार त्या हिशोबवाल्याला. टॅक्स न्हाय, विमा न्हाय, काय बी कापू देऊ नको. हातात पडंल तोच पैसा आपला, बाकी सगळी शेटलोकांची थापाथापी. तू भितेस, हाच तुझा दोष हाय, बापावर गेलीस.

शेवंताला सांग, तांदळाच्या भाकरी करून आणते पुढल्या आयतवारी. तिला चावंल का? माझ्या मायेला काय कटिंग न्हाय, ती पुरी घे.

तुझी आत्या
काशी

टेमघर
१० नोव्हेंबर

ती. आत्यास, सविनय जयभीम. वि. वि.

तू म्हणालीस तशी गेले आणि विचारलं. हितेशभाऊ, आमचे अकाउंटवाले, कॉम्प्युटर बघून वरमले. म्हणाले, बायांना महिना पंचवीस हजारांपर्यंत हा टॅक्स नाहीच. माझा पगार खाली आला, पण नोंदीत बदल करायचा राहून गेला. दोनशे परत दिले, वर चहा पाजला. आत्या, मला इतकं बरं वाटलं! आजवर या ऑफिसात मी कधी आवाज चढवला नव्हता.

मग हुरूप आला. म्हटलं, बाकीचंही कापू नका. त्यावर ते म्हणाले, पगारपत्रकावर नाव आहे तोवर कापावंच लागतं. नकोच असेल तर नोकरी सोडल्याचं दाखवून मला व्हाउचरवर घेतील, महिन्याला चौदा हजार रोख, एक पैसा कमी नाही. गोदामातली अर्धी माणसं तशीच आहेत. पण त्यांनी मला बसवून सांगितलं की पगार एकवीस हजारांच्या आत आला म्हणून हा विमा लागू झालाय, त्यात अवलंबून असलेल्या आईचंही औषधपाणी निघतं, तेव्हा चार दिवस विचार कर.

मला बाबा आठवले. त्यांनाही असंच गोड बोलून सांगत असतील. मी तिथल्या तिथे सही केली.

पहिल्यांदा पूर्ण पैसे हातात आले. आईला हवेची गादी घेतली. ती त्यावर निजली आणि डाव्या हाताने माझी हनुवटी धरली. तुझ्या भाकऱ्या दुधात कुस्करून भरवल्या, चाटूनपुसून खाल्ल्या तिने. तुझा हात असाच पाठीवर असू दे.

तुझी,
धम्मदिना

दिघाशी
१६ नोव्हेंबर

चि. धम्मदिनास, अ. उ. आ. जयभीम.

आता शोभलीस सोमाची लेक! त्याला जमलं न्हाय ते तू केलंस. मी वाडीत सगळ्यांना सांगितलं. शेजारची आक्का म्हणाली, विमा ठेवला असता तं बरं. मी तिला म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, तुझ्या घरात कोण गेला न्हाय असा.

सहा तारखेला दादरला चैत्यभूमीला येणार का? शेवंताला एक दिस सुकन्या बघंल. गुडघे बोंबलतात माझे, पण तुझ्या खांद्याला धरून येईन. माया हाय तशी ठेव, भेटत ऱ्हा.

काशीआत्या

७ डिसेंबर, दवाखान्यातून

ती. आत्यास, जयभीम.

काल तू वाट बघितली असशील. मी दादरला येऊ शकले नाही. गुरुवारपासून आईला श्वास घेता येत नाहीये. छातीत कफ भरलाय, न्यूमोनिया म्हणतात. जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं, तर श्वासाच्या मशीनसाठी आधी जी रक्कम सांगितली ती ऐकून मी बाहेर बाकड्यावर बसले. गरिबांच्या योजनेत विचारलं, तिथे खाट रिकामी नाही. मग विम्याच्या दवाखान्यात धावले. खिडकीवरच्या मुलीने माझा नंबर टाकला आणि म्हणाली, हे कार्ड बंद झालंय, नोकरी सोडल्याची नोंद आहे. मी म्हटलं, मी आज सकाळीसुद्धा कामावर होते. तिने नंबर पुन्हा टाकून दाखवला, तेच आलं. कार्ड चालू असतं तर आईला मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं, पैसे न भरता, असं तिनेच सांगितलं.

एकशे पाच रुपये, आत्या. महिन्याचे एकशे पाच.

हितेशभाऊंचे पाय धरायचे बाकी ठेवले. ते म्हणाले, एक जानेवारीपासून नाव परत घेतो, मागच्या तारखेने घेता येत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेही बघवेना.

आता सरकारी वॉर्डात आहोत. मशीन दुसऱ्याला लागलंय, ते सुटलं की आईला लावतील. माझ्या डोक्यात काही चालत नाही. तू सांगितलंस आणि मी ऐकलं. आता काय करायचं तेही तूच सांग. लवकर ये.

धम्मदिना

दिघाशी
२८ डिसेंबर

चि. धम्मदिना हिस, जयभीम. आशीर्वाद द्यायला तोंड ऱ्हायलं न्हाय, तरी देते.

शेवंताला मसणात पोचवली त्या दिवशी तू रडलीस ती सुकन्याच्या गळ्यात. जलदानविधीला मी आले. भंतेजी बोलत व्हते, मला काय ऐकू येईना, मी तुझ्याकडंच बघत व्हते. तू मला पान वाढलंस, पाणी दिलंस, पण तोंडाकडं पाहिलं न्हायस. निघताना मी तुझा हात धरला, तू भांडी उचलायला गेलीस.

पोरी, सोमाला बुडवणारा शेट येगळा नि हा हितेश येगळा, एवढं मला कळाय पायजे व्हतं. सोमाचा राग मी इतकी वर्षं जपला नि तो शेवंतावर काढला. तिनं माझं काय घोडं मारलं व्हतं? रोज सकाळी उठले का हेच येतं मनात. वंदनेला बसले तरी शब्द आठवत न्हाईत.

तू मला शिव्या घाल. कोणी हाका मारल्या तं मला ऐकू येत न्हाय, पण कागदावरच्या शिव्या वाचता येतात. काय बी लिव्ह. कागद कोरा आला तरी चालंल, पण महादू मोकळ्या हातानं येऊ देऊ नको.

तुझी म्हणवून घ्यायला लाज वाटते,
काशी

टेमघर
९ जानेवारी २०२६

ती. आत्यास, जयभीम. वि. वि.

तुझा कागद मिळाला त्याला बरेच दिवस झाले. महादू रोज दारात थांबतो, विचारतो, मी मान हलवते.

हितेशभाऊंनी शब्द पाळला. विम्यासाठी घरच्या माणसांची माहिती विचारायला माझ्या टेबलापाशी आले. घरी कोण कोण, असं विचारलं आणि त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी फॉर्म मिटून घेतला. मी म्हटलं, हाफ डे नको आता, फुल ड्युटी द्या, त्या पगाराला हा विमाही लागत नाही. त्यांनी लगेच हो म्हटलं. कालपासून सहाला सुटते. सुटल्यावरही उगाच बिलं तपासत बसते. दुपारी घरी कशाला जाऊ?

आत्या, तुझ्यावर राग आहे. खोटं कशाला लिहू? सही माझी होती, सांगणाऱ्याने बसवून सांगितलं होतं, हे मला कळतं. तरी तुझा कागद उघडला की राग येतो. शिव्या लिहायला बसले होते. एक लिहिली आणि हात थांबला. आई असती तर माझ्यावरच डोळे वटारले असते.

बाबा गेले, आई गेली. ज्याच्यावर रागवावं असं माणूस आता मला तू एकटीच उरलीयस. म्हणून सांगते, प्रेशरची गोळी चुकवू नकोस, गुडघ्यांना तेल लाव, आणि अंधारात विहिरीकडे जाऊ नकोस. इतक्यात मी यायची नाही. पण तू जपून राहा. तूही गेलीस तर मी रागवू कोणावर?

तुझीच,
धम्मदिना